बटाटा आधी, सनावळी नंतर

रत्नागिरी जिल्ह्यातील एका ताईंनी विचारले आहे: त्यांची मुलगी चौथीत आणि मुलगा सातवीत आहे. शाळेतल्या इतिहासात राजे, किल्ले आणि लढाया येतात, पण गाण्याला, चित्राला आणि आपण बोलतो त्या भाषेलाही इतिहास असतो याची मुलांना कल्पनाच नाही. गावात संग्रहालय नाही, घरात कोणी गाणारे नाही, आणि ताईंनी आणलेले जाडजूड पुस्तक मुलांनी दोन दिवसांत बाजूला ठेवले. तेव्हा सुरुवात कुठून करावी?

ताई, मी ३१ वर्षे सिंधुदुर्गातील एका माध्यमिक शाळेत मराठी आणि चित्रकला हे दोन्ही विषय शिकवले. त्यांतली पहिली सात-आठ वर्षे मी हेच काम चुकीच्या टोकाकडून केले, हे आधीच सांगून टाकतो. वर्गाच्या भिंतीवर मी एक लांबलचक तक्ता लावला होता. डावीकडे सामवेद आणि अजिंठा, उजवीकडे नाट्यसंगीत आणि छापखाना. मुले तो तक्ता पाठ करीत आणि परीक्षेत बिनचूक उतरवीत. एकदा मी सहज विचारले, की ज्ञानेश्वरांच्या कीर्तनात पेटी कोण वाजवत असेल. अर्धा वर्ग गंभीरपणे विचार करू लागला आणि एकाने निवृत्तिनाथांचे नावही सुचवले. पेटी तेव्हा जगात कुठेच नव्हती, अशी शंका एकालाही आली नाही. त्या दिवशी मी तक्ता उतरवला. मुलांना सन ठाऊक होते, पण ‘पूर्वी हे नव्हते’ ही जाणीव नव्हती, आणि इतिहास तर त्या जाणिवेपासूनच सुरू होतो.

म्हणून माझे उत्तर असे, की अगदी जुन्यापासून आजकडे येऊ नका. आज मुलाच्या हातात, तोंडात किंवा कानात जे आहे तिथून मागे चालत जा आणि प्रत्येक पावलाला ‘कशावरून?’ असे विचारा. सन सर्वांत शेवटी येऊ द्या.

भाषेपासून सुरुवात करणे सर्वांत सोपे, कारण तिला खर्च नाही आणि तिचे संग्रहालय म्हणजे स्वयंपाकघर. मी सहावीच्या मुलांना दरवर्षी एक प्रश्न घालत असे: ज्ञानेश्वरी लिहिली गेली १२९० साली, त्या वर्षी नेवाशाच्या बाजारात वडापावची गाडी लावायची ठरवली असती, तर काय काय मिळाले नसते? मुले आधी हसतात, मग एकेक जिन्नस तपासू लागतात. बटाटा मिळाला नसता, कारण तो दक्षिण अमेरिकेतला, आणि वास्को द गामा कालिकतला पोहोचला तो १४९८ साली. ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगिजांकडूनच आलेला. पावाचे तेच, शब्दासकट. मिरचीही अमेरिकेतूनच आलेली. उरले काय, तर हरभऱ्याचे पीठ, तेल, मीठ, हळद आणि लसूण. एका मुलाने फळ्यावर लिहिले होते, ‘ज्ञानेश्वरांच्या काळात फक्त वड्याचे आवरण मिळत असे.’ त्याला मी पैकीच्या पैकी गुण दिले.

इथेच एक बारीक गोष्ट दाखवता येते, आणि ती मुलांना फार आवडते. बटाटा ही वस्तू नवी आणि तिचे नावही नवे. मिरची ही वस्तू मात्र नवी असली, तरी तिला नाव मिळाले ते आपल्या जुन्या मिऱ्यावरून. तिखटपणाची जागा आधी मिऱ्याची होती. नवी पाहुणी तिखट निघाली, तेव्हा लोकांनी तिला त्याच घराण्यात बसवले. म्हणजे शब्द पाहून माणसांनी नवी वस्तू प्रथम पाहिली तेव्हा त्यांच्या मनात काय आले, हेही कळते. आपल्या मुलीला एक वही द्या आणि तिचे तीन भाग करायला सांगा: नाव-वस्तू दोन्ही परकी, वस्तू परकी पण नाव घरचे, आणि दोन्ही घरचे. काजू, अननस, कोबी, घमेले, चावी, बिजागरी, पिंप, लिलाव, तुरुंग, नाताळ असे पोर्तुगीज वाटेने आलेले शब्द पहिल्या दोन दिवसांतच सापडतील. ‘हापूस’ मध्ये आफोन्सो द आल्बुकर्क लपलेला आहे, हे सांगितल्यावर देवगडच्या बागायतदारांची मुलेसुद्धा क्षणभर गप्प होत. त्याने गोवा घेतला तो १५१० साली. बंदरावर गेलात तर दुसरा थर लागतो: ‘बंदर’ फारशी, ‘नाखवा’ फारशीतल्या नाखुदावरून, म्हणजे नावेचा धनी, आणि ‘खलाशी’ अरबीकडून. आजीच्या पानाच्या तबकातला अडकित्ता आणि फडताळातले तूप कानडीकडे बोट दाखवतात. किनाऱ्यावर कोण कोण येऊन गेले, घाटावरून आणि दक्षिणेकडून कोण उतरले, याचा नकाशा एका घरातल्या शंभर शब्दांत निघतो.

मात्र या खेळात एक धोका आहे आणि त्यात मी स्वतः पडलेलो आहे. ‘मेज’ हा शब्द पोर्तुगीज म्हणून मी कित्येक वर्षे शिकवला. पोर्तुगीजमध्ये टेबलाला मेझा म्हणतात हे खरेच, पण फारशीतही मेज आहे, आणि आपल्याकडे फारशी आधीपासून होती. ‘साबण’ या शब्दाचाही असाच वाद घालता येतो, कारण अरबी साबून आणि पोर्तुगीज साबांव दोन्ही दाराशी उभे आहेत. शब्दांचा आवाज सारखा आहे एवढ्यावर नाते जोडू नये, हा धडा मुलांना या दोन शब्दांतून मिळतो. मोबाइलवर फिरणाऱ्या ‘या शब्दाचा खरा अर्थ’ छापाच्या निरोपांपासून ती काही अंशी वाचतात, हा वरचा लाभ.

सुट्टीत अलिबाग-रेवदंड्याकडे जाणे झाले, तर कोर्लईला जरूर थांबा. किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात काही ख्रिस्ती कुटुंबे आजही घरात पोर्तुगीजपासून घडलेली एक बोली बोलतात. पोर्तुगीज सत्ता तेथून १७४० साली गेली, भाषा राहिली. राज्य जाते तेव्हा भाषाही त्याच दिवशी जाते असे मुलांना वाटत असते. तो समज मोडायला पुस्तकातले पान लागत नाही, कोर्लईच्या दुकानात चार मिनिटे उभे राहणे पुरते.

आता बोलीबद्दल, कारण ताई, आपल्या घरी कोणती बोली बोलतात ते आपण लिहिलेले नाही आणि बहुधा तिचा विचारही केलेला नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मुलीने निबंधात ‘आजीने माका सांगला’ असे लिहिले होते, आणि मी लाल शाईने ‘माका’ खोडून वर ‘मला’ लिहिले. प्रमाण भाषा शिकवणे हे माझे काम होतेच. चूक झाली ती ‘हे अशुद्ध आहे’ असे शेजारी लिहिण्यात. त्या मुलीने नंतर वर्षभर वर्गात तोंड उघडले नाही. बोली ही प्रमाण भाषेची बिघडलेली प्रत नव्हे. भाषेच्या इतिहासाचे जिवंत साधन तीच आहे. एक उदाहरण पुरे. कोकणी माणूस नाकात बोलतो म्हणून घाटावरचे लोक हसतात. आता घरातली एखादी जुनी पोथी किंवा साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे पुस्तक उघडा. तिथे ‘तें’, ‘केलें’, ‘झाडें’ असे अनुस्वार शब्दाशब्दावर दिसतील. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी ते लिहिण्यातून काढले, कारण बहुसंख्य शिष्ट बोलण्यातून ते आधीच गेले होते. पण मालवणीत ‘तां बघ’ म्हणणाऱ्या आजीच्या नाकात ते अजून आहेत. छापील पानावरचा टिंब आणि आजीचा आवाज ही एकाच गोष्टीची दोन टोके आहेत, हे ज्या दिवशी मुलाला ऐकू येते, त्या दिवशी बोलीची लाज आपोआप संपते. मुलाने आजीचे बोलणे ध्वनिमुद्रित करून तिच्यासमोर पोथीतली ओळ वाचावी. आजी नाकातला उच्चार बरोबर तिथे करते जिथे टिंब आहे, असे पुष्कळदा घडते. प्रत्येक वेळी घडत नाही, आणि जिथे घडत नाही तेही टिपून ठेवावे.

संगीताकडे वळताना आपण लिहिता की घरात कोणी गात नाही. त्याने काही बिघडत नाही. दशावतार, म्हणजे आपले कोकणातले लोकनाट्य, बघायला जाता, एवढे पुरे. आपल्याकडे नमन-खेळे किंवा जाखडी असेल तर ती घ्या, पद्धत तीच. मुलांना नाटक सुरू होण्याआधी अर्धा तास न्या आणि वादकांच्या बाजूला बसवा. पायपेटी, पखवाज, झांज: या तिघांपैकी सर्वांत धाकटे कोण, असा प्रश्न घाला. मुले बहुधा झांजेचे नाव घेतात, कारण ती लहान असते. उत्तर पेटी. हार्मोनियमचे पेटंट पॅरिसमध्ये आलेक्सांद्र दबें याने घेतले ते १८४२ साली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता मारण्याची, जमिनीवर बसून वाजवता येईल अशी पेटी घडवली, आणि ती देशभर पसरली. आपल्या दशावतारात मात्र पायांनी भाता मारायची पायपेटी टिकली, कारण दोन्ही हात मोकळे राहतात आणि रात्रभर चालणाऱ्या खेळात त्याचे मोल असते.

वादक ओळखीचे असतील तर मुलाला पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्या दाबू द्या आणि विचारा, ‘यांच्या मधला सूर कुठे आहे?’ तो नाही. आता त्याला गळ्याने एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायला सांगा. गळ्यात तो सूर आहे, पेटीत नाही. एवढा अनुभव घेतल्यावर आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी का घातली आणि ती १९७१ पर्यंत का रेंगाळली, हे सातवीतल्या मुलालाही समजते: आपल्या गाण्याचा जीव मींडेत, म्हणजे सुरावरून सुरावर असे घसरत जाण्यात आहे आणि पेटीला मींड येत नाही, असा आक्षेप होता. तरीही लोकांनी पेटी सोडली नाही. का सोडली नाही, यावर मुलांना भांडू द्या. मी त्या वादात मुद्दाम पडत नसे. पेटीने भाषेतही घर केले आहे. ‘माझी काळी दोन’, ‘बाईंची पांढरी चार’ असे गवई आपल्या पट्टीबद्दल बोलतात. ही बोलण्याची पद्धत पेटीच्या आधी असणेच शक्य नाही, कारण गळ्याला काळ्या-पांढऱ्या पट्ट्या नसतात.

पखवाजाच्या डाव्या पुडीवर वादक भिजवलेली कणीक थापतो, ते मुलांना जवळून दाखवा. उजवीकडे कायमची शाई, म्हणजे काळा लेप, डावीकडे दर खेळाला नवी कणीक, आणि तिच्या कमी-जास्त वजनाने खर्जाचा घुमारा जमवायचा. तबल्याच्या डग्ग्यावर मात्र शाईच असते. दोन्ही वाद्ये शेजारी ठेवून मुलांना फरक शोधायला सांगितला, तर ती तुमच्या-माझ्यापेक्षा अधिक फरक काढतात. आणि कान उघडे ठेवायला सांगा. दशावतारात पात्रांचे संवाद लिहिलेले नसतात, नट ते उभ्या उभ्या रचतात. राजे आणि देव भारदस्त पुस्तकी मराठीत बोलतात, आणि संकासुर हे विनोदी पात्र मालवणीत. कोण कोणत्या भाषेत बोलतो आणि हशा कोणाला मिळतो, हे मुलाने एका रात्रीत टिपले, तर भाषेच्या प्रतिष्ठेवरचा एक अख्खा धडा झाला.

घरातल्या गाण्याकडेही पाहा. जात्यावरची ओवी आजीला येत असेल, तर ती म्हणायला सांगताना हातात जात्याचा खुंटा नसला तरी हात फिरवायला सांगा. पुष्कळ आजींना हात थांबला की पुढची ओळ आठवत नाही. गावात पिठाची गिरण आली, जाते थांबले आणि ओवीही थांबली. गाणे मरते तेव्हा ते विसरले जाते म्हणून मरत नाही, त्याला धरून असलेले काम जाते म्हणून मरते. भातलावणीच्या गाण्यांचे हेच होत आहे.

ध्वनिमुद्रणाचा भाग मोठ्या मुलासाठी ठेवा. जुनी तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांत संपे. तासभर राग मांडणाऱ्या गवयाला तेवढ्यात सारे बसवावे लागले. मुलाला हातात घड्याळ देऊन सांगा, की काल रात्री पाहिलेले दशावताराचे आख्यान तीन मिनिटांत सांग. तो काय गाळतो आणि काय ठेवतो, यातून तबकडीने गाण्याला कोणता आकार दिला ते त्याला अंगाने कळते. मग त्याला गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची ती भैरवी ऐकवा, जी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली. साडेतीन मिनिटांचे ते गाणे आहे. आपल्या किनाऱ्यावरचा आवाज सूर्यमालेच्या कडेपलीकडे गेला, हे ऐकून मुले पहिला प्रश्न विचारतात तो असा: ‘तिकडे ती वाजवणार कशावर?’ तबकडीसोबत सुई आणि वाजवण्याच्या चित्ररूप सूचना पाठवल्या आहेत, हेही सांगा. भाषा येत नसलेल्याला चित्राने सांगणे, म्हणजे पुन्हा आपण चित्रकलेपाशी आलोच.

चित्रकलेसाठी तर आपला जिल्हा भाग्यवान आहे. बारसू, देवाचे गोठणे, उक्षी, कशेळी, जांभरूण या गावांच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळी पठारांवर, जांभ्या कातळात खोदलेली प्रचंड चित्रे आहेत. युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातली कातळशिल्पे २०२२ साली गेली, आणि त्यांत सिंधुदुर्गातले कुडोपीही आहे. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, आणि त्याच्या पोटात इतर कितीतरी प्राणी खोदलेले आहेत. मुलांना थेट तिथे नेऊ नका. मी नेले होते, चाळीस मुले, मे महिना, दुपारचे बारा. ऊन डोक्यावर असले की खाचांत सावली पडत नाही आणि सडा कोरा दिसतो. मुलांना काही दिसले नाही, पाणी संपले, आणि परतताना एका मुलाने ‘सर, खरेच इथे काही आहे ना?’ असे विचारले. पुढच्या खेपेला जानेवारीत सकाळी साडेसातला नेले. तिरप्या उन्हात तोच सडा बोलू लागला.

जाण्यापूर्वी दोन गोष्टी घरी करा. पहिली, दोरी आणि चुना घेऊन शाळेच्या मैदानात किंवा काढणी झालेल्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, १८ बाय १३ मीटरची चौकट आखा आणि तिच्यात मावेल असा हत्ती मुलांना काढायला सांगा. दहा मिनिटांत त्यांच्या लक्षात येते, की आपण काढतो आहोत त्या हत्तीचा फक्त एक पाय आपल्याला दिसतो आहे. सोंड मोठी होते, पाय पोटापासून तुटतो. मग प्रश्न आपोआप येतो: ज्यांनी कातळावर काढला, त्यांनी अख्खा हत्ती कुठे उभे राहून पाहिला? याचे उत्तर मी देत नाही, पण तो प्रश्न डोक्यात घेऊन सड्यावर गेलेले मूल आणि नुसतेच गेलेले मूल यांत फार अंतर पडते. दुसरी गोष्ट, चिरेखाणीतून जांभ्याचे दोन तुकडे आणा, एक नुकता काढलेला आणि एक जुन्या गडग्याचा, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीचा, आणि खिळ्याने दोन्हींवर रेघ ओढायला द्या. ताजा चिरा मऊ असतो, हवा-ऊन लागून तो घट्ट होतो, हे बोटांना कळू द्या. सड्यावर गेल्यावर मात्र खाचा नीट दिसाव्यात म्हणून त्यांत खडू किंवा चुना भरू देऊ नका. फोटोपायी हे सर्रास चालते आणि चित्राची हानी होते.

ही चित्रे किती जुनी, हे मुले विचारणारच. खोदचित्राचे वय थेट मोजता येत नाही, अभ्यासकांचे अंदाज हजारो वर्षांनी भिन्न आहेत, आणि आसपास मिळालेल्या दगडी हत्यारांवरून व चितारलेल्या प्राण्यांवरून ते बांधले जातात, असे त्यांना स्पष्ट सांगा. पाठ्यपुस्तकावर वाढलेल्या मुलाला ‘अजून ठरलेले नाही’ हे उत्तर प्रथम फसवणूक वाटते. त्याला तसे वाटू द्या.

कातळावरून घरातल्या चित्राकडे यायचे तर सावंतवाडीला एक दिवस काढा. राजवाड्यात कारागीर गंजिफा रंगवताना दिसतात: गोल पत्ते, लाखेची चकाकी, दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकात राजा, प्रधान व एक ते दहा असे बारा, मिळून १२० पाने. मुघली संच ९६ पानांचा. शब्द फारशी; बाबराने १५२७ साली सिंधमध्ये एका स्नेह्याला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आठवणींत आहे. नाव तिकडचे आणि चित्रे मत्स्य-कूर्म-वराहाची, म्हणजे मिरचीचीच गोष्ट उलट्या बाजूने घडली. ज्या मुलाने आदल्या महिन्यात दशावतार पाहिला आहे, तो पत्त्यावरचा परशू पाहून अवतार ओळखतो, आणि त्याला कोणी काही समजावून सांगावे लागत नाही. तिथली चितार आळी पाहिलीत तर ‘चितारी’ या शब्दात ‘चित्रकार’ दडलेला आहे, हे मुलीच्या वहीत नोंदवून घ्या.

कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली, आणि गावात छोटे संग्रहालयही आहे. रामायणातल्या प्रसंगांची चित्रे एकामागून एक उचलून धरीत, वाद्यांच्या साथीने कथा गायची, असा तो प्रकार. संगीत, चित्र आणि भाषा हे तीन वेगळे विषय आहेत ही शाळेच्या वेळापत्रकाची सोय आहे. पिंगुळीत बसून चित्र कुठे संपले आणि गाणे कुठे सुरू झाले, हे सांगून दाखवावे. म्हणून माझी विनंती आहे, की आज संगीताचा इतिहास, उद्या चित्रकलेचा, अशी वाटणी घरी करू नका.

लिपीबद्दल थोडक्यात. घरातल्या जुन्या पेटीत मोडीतला एखादा कागद निघतोच. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून तिला अक्षरे टांगतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळत नाहीत. हे कळल्यावर माझे विद्यार्थी मोडी परत आणा म्हणून अर्ज लिहायला निघाले होते. मोठ्या मुलाला आक्षीच्या शिलालेखाची ओळख करून द्या. अलिबागजवळचा हा लेख कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार राजांच्या काळातला; त्यातला शक ९३४, म्हणजे इ. स. १०१२ असा वाचला गेला आहे, जरी काही अभ्यासकांना तो आणखी नंतरचा वाटतो. त्यात राजाला ‘पसीमसमुद्राधीपती’ म्हटले आहे. मुलाला तो शब्द मोठ्याने वाचायला सांगा आणि कोणता समुद्र ते विचारा. तो खिडकीतून बाहेर बोट दाखवील. देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर आणि ६ जानेवारी १८३२ रोजी निघालेले ‘दर्पण’ हेही त्याला याच ओघात भेटावेत: एका स्तंभात मराठी, शेजारी इंग्रजी.

आता सन कुठे घालायचे? पडवीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुतळी बांधा. दाराशी आजचा दिवस, आणि तिथून मागे एक वीत म्हणजे १०० वर्षे. वीत मुलीचीच असू द्या. मुलाने शोधलेली प्रत्येक गोष्ट चिठ्ठीवर लिहून आपापल्या जागी सुतळीला गाठ मारून बांधायची. पेटी दोन विती पुऱ्या होण्याआधीच येते, बटाटा सहाव्या वितीत लटकतो, ज्ञानेश्वरी आठव्यात. सहा महिन्यांत दाराजवळ चिठ्ठ्यांची गर्दी होते आणि मागे विरळ होत जाते, ते का, हे मुले स्वतःच विचारतात. चौथीतल्या मुलीला सुतळीवर फक्त क्रम कळला तरी पुरे. सनाचा आग्रह सातवीतल्या मुलापुरताच ठेवा, आणि त्यालाही सन विचारण्याऐवजी ‘बटाटा आधी की पेटी आधी?’ असेच विचारा.

आमच्या शाळेत कातळशिल्पाची चिठ्ठी बांधायची वेळ आली, तेव्हा सुतळी व्हरांड्याबाहेर, पायऱ्या उतरून, पटांगणातल्या आंब्याच्या बुंध्यापर्यंत न्यावी लागली, आणि तरी कोणाला गाठ मारता येईना, कारण जागा ठरत नव्हती. सातवीतल्या एका मुलीने घरून कपडे वाळत घालायचा चिमटा आणला. ठरलेल्या गोष्टींना गाठ आणि न ठरलेल्यांना चिमटा, असा नियम तिने केला, म्हणजे उद्या कोणाला नवे काही सापडले तर चिठ्ठी फाडावी लागणार नाही, सरकवता येईल. आक्षीच्या चिठ्ठीलाही नंतर तिनेच गाठ सोडून चिमटा लावला. तेव्हा ताई, सुतळी आणाल तेव्हा सोबत पाच-सहा चिमटेही आणा.